घरचा सांगावा

प्रयागबाई मेली ती शनिवारी, न्याहारीच्या वक्ताला, अन् तेही कापूस वेचता वेचता. खाटेवर पडून, चार जणांच्या हातून पाणी घेत मरणं त्या बाईला जमलंच नसतं. सत्तरी गाठली होती, पण कमरेला ओटी बांधून पातीला लागली की जवान पोरींना म्हणायची, "हात चालवा व, तोंडं कायले चालवता?"

पौषाचे दिवस होते. रामरावच्या वावरात दुसरी वेचणी चालली होती. बोंडाच्या वाळल्या नख्या बोटांत रुतायच्या, थंडीनं बोटं सुन्न असायची, म्हणून रक्त निघालेलं कळायचं ते कापूस लाल झाला म्हणजे. सून भागिरथा दोन पाती सोडून वेचत होती. तिनं सहज मान वर केली तर सासू धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली बसलेली. कमरेची ओटी सोडून तिनं कापूस फडक्यावर नीट ओतून ठेवला होता, अन् हात मांडीवर मोकळे.

"भागिरथा, इकडे ये."

भागिरथा दोन्ही मुठींत कापूस घेऊन तशीच धावत गेली. "काय झालं, आत्याबाई?"

"आधी हातातलं खाली ठेव."

भागिरथेचे पाय जागच्या जागी थबकले. हे शब्द तिला ठाऊक होते. या घरात ते शब्द कशासाठी वापरतात तेही ठाऊक होतं.

सासरा जगदेव जिता होता तेव्हा सांगावे न्यायचा. सांगावे म्हणजे मौतीचे. छप्पन सालाच्या आधीची गोष्ट. गावात कोणाही बड्याच्या घरी माणूस मेला की जगदेवच्या दारात बोलावणं यायचं. मग ऊन असो, झड असो, काठी घ्यायची अन् मालेगाव म्हणू नका, कामरगाव म्हणू नका, जिथं जिथं त्या घरच्या लेकीबहिणी दिल्या तिथं पायी जायचं. मेलेला माणूस ना त्याच्या नात्याचा, ना गोत्याचा. काम मात्र त्याच्याच माथी, कारण जात महाराची. पण सक्तीचं काम असलं तरी जगदेवनं ते माणसासारखं केलं. त्याचे दोन नेम होते. एक, ज्याला सांगायचं त्याचे हात आधी मोकळे करायचे. हातात विळा असेल, भरली घागर असेल, लेकरू असेल, तर म्हणायचं, "हातातलं खाली ठेवा." मग सांगायचं, सरळ, एका वाक्यात. दुसरा नेम स्वतःचा. सांगावा सांगितल्याबिगर घशात पाण्याचा थेंब घालायचा नाही. ज्याच्या घरी सांगावा नेला त्यानं सांगणाऱ्याला पाणी पाजावं, अशी माणुसकीची रीत. जगदेवला मात्र कोणी पाजलं नाही. फार झालं तर एखादी म्हातारी दुरून, वरून ओंजळीत ओतायची. एरवी तो परतीच्या वाटेवर नाल्याला जाऊन प्यायचा.

"छातीवर धोंडा बसला हाय," प्रयागबाई म्हणाली. "मी चालली."

"काही होत नाही, आत्याबाई. रामरावले गाडी जुपाले लावतो, जऊळक्याच्या डाक्टरकडे..."

"गाडी जुपशीन तं मातीलेच जुप." एवढ्यातही म्हातारी हसली. मग भागिरथेचं मनगट धरून म्हणाली, "देवमनले तूच सांगजो. कागदानं नको सांगू. तोंडानं सांगजो."

"सांगतो."

"रडू नको. पात अर्धी राह्यली तुही."

एवढं बोलून ती पळसाच्या खोडाला टेकली अन् गेली. पाती सोडून बाया धावत आल्या. भागिरथेनं सासूच्या पदराला चिकटलेला पालापाचोळा एकेक करून काढला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

देवमन, प्रयागबाईचा एकुलता एक मुलगा, अकोल्याच्या जेलात होता. चोरीचपाटी नाही, की दारू नाही. चैत्रात माणिकराव पाटलाचा बाप वारला अन् माणिकरावानं निरोप धाडला, की देवमननं मालेगावला अन् कामरगावला सांगावा घेऊन जावं, जगदेव जात होता तसं. देवमन म्हणाला, "मोटार हाय, पोस्ट हाय, तुमचा सालदार हाय. मी नाही जात. ते काम आमी धम्म घेतला तवाच सोडलं." तिसऱ्या दिवशी पाटलाचा पुतण्या चार पोरं घेऊन दारात आला. शिव्या झाल्या. धक्काबुक्कीत प्रयागबाई उंबऱ्यावर आपटली. आई पडलेली पाहून देवमनच्या हाताला गाडीच्या जुवाची लाकडी शिवळ लागली, अन् पुतण्याच्या खांद्याचं हाड मोडलं. गवाह सगळे पाटलाच्याच आळीचे. एक वर्ष सक्तमजुरी. त्यातले चार महिने अजून बाकी होते, अन् वागणूक चांगली राहिली तर थोडी माफीही मिळणार होती.

दुपारी माती झाली. आळीतली सगळी माणसं आली, रामरावही आला. त्रिसरण-पंचशील झालं, अन् देवमनच्या जागी त्याचा चुलतभाऊ दौलत पुढं झाला. दौलत सातवी शिकलेला, जऊळक्याच्या स्टेशनावर गँगमध्ये कामाला. आळीचं लिहिणं-वाचणं त्याच्याकडे असायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त सात वर्गांचा गर्व त्याला सतरा वर्गांएवढा होता.

रविवारी सकाळी भागिरथा चुलीपुढं बसली होती. शेजारच्या बेबीताईनं पिठलं-भाकर आणली होती, ती तिनं आठ वर्षांच्या गंगूला चारली अन् स्वतः दोन घास खाल्ले. तेवढ्यात दौलत आला.

"वहिनी, काळजी करू नका. देवमनदादाले कार्ड टाकून देलं म्या."

भागिरथेनं मान वर केली. "कवा?"

"आत्ता, सकाळच्या गाडीनं गेलं. कोपरा फाडूनच टाकलं. म्हंजे पाह्यल्याबरोबर समजते."

मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे सगळ्यांनाच माहीत. तसलं कार्ड घरात कोणी ठेवत नाही, वाचून फाडून टाकतात.

"कोणाले विचारून टाकलं, भाऊजी?"

दौलत गडबडला. असा सवाल त्याला अपेक्षित नव्हता. "कोणाले विचाराचं? कळवा तं लागनच का नाही?"

"आत्याबाई मले सांगून गेल्या, तोंडानं सांगजो म्हून. गुरुवारी मुलाकात हाय माही. मी जाणारच होती."

"काय वहिनी तुमी बी!" दौलत उकिडवा बसला अन् शिकवायच्या सुरात बोलू लागला. "सांगावे-बिंगावे आपून छप्पनात सोडले. त्याच्यापायीच तं दादा जेलात बसला हाय. आता तुमीच सांगावा घेऊन चालल्या? हे महारकी झाली का नाही?"

हा घाव वर्मी लागला. भागिरथा चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. राग यायला तिला वेळ लागायचा, पण आला की तो बसून बोलायचा.

"लोकाइची मौत गावोगाव वाहून नेनं हे महारकी होती," ती म्हणाली. "त्याची माय मेली, हे मी त्याची बायको त्याले सांगतो, हे महारकी कशी होईन? उद्या म्हनशान, पोराले दूध पाजनं बी महारकी."

"पण कार्ड तं गेलं."

"गेलं तं गेलं. त्याले वाचता कुठी येते? कोनीतरी वाचून दाखवीन, धा लोकाइत, बराकीत. कोनी हासून राह्यलं असंन, कोनी बिडी वढून राह्यलं असंन. अन् त्याची माय मरीन तठी."

दौलत खाली पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "म्या म्हनलं, लवकर समजावं बिचाऱ्याले."

"तुमी चांगल्यापायीच केलं, भाऊजी. पण चुकलं."

आळीतल्या म्हाताऱ्यांचं मत तिसरंच. ते म्हणाले, गुरुवारी जाऊच नको. चार महिने दम काढ. माय गेल्याचं ऐकून देवमन जेलात काही करून बसला, कोणावर हात टाकला, तर माफी गेली समज, वर सजा वाढली तर? मरणारं मेलं, जित्याचं पाहा. कार्ड पोचलंच तर आपण काय करणार! भागिरथेनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याला काही लागत नाही.

सोमवारी ती पुन्हा कापसाला गेली. सासूची अर्धी पातही तिनंच उरकली. मंगळवारी भारे बांधून परतताना पांदीच्या वाटेवर माणिकराव पाटील समोर आला. डोक्याला फेटा, हातात छत्री, ती ऊन नसताना, पाऊस नसतानाही असायची. भागिरथा बाजूला झाली. तो पुढं गेला, थांबला, अन् वळून म्हणाला,

"काय व, बुढी गेली म्हनते तुयी?"

"हव, पाटील."

"मंग आता तुह्या नवऱ्याकडे सांगावा कोन नेईन? तुमच्यात तं आता कोनी नेत नाही."

मागून दोन बाया येत होत्या. भागिरथेच्या डोक्यावर भारा होता, मान वळवता येत नव्हती. ती समोर बघूनच बोलली.

"मी नेतो ना, पाटील. माह्या घरचा हाय. लोकाचा नाही नेत आमी."

माणिकरावानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. तो निघून गेला. बायांपैकी एक मागून म्हणाली, "बाई व, काय बोल्ली!"

बुधवारी जलदानविधी झाला. गुरुवारी पहाटे उठून तिनं ज्वारीच्या चार भाकरी केल्या, मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला. गंगूला म्हणाली, "शाळेत जाजो. बेबीताईकडे जेवजो." मग दीड कोस चालून जऊळक्याचं स्टेशन गाठलं. दौलत तिथं फाटकाशी उभा होता. तिकीट काढून त्यानं तिच्या हातात दिलं. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "दादाले माहं नाव सांगू नका, म्या कार्ड टाकलं म्हून."

"अक्षर तुमचंच हाय, भाऊजी," भागिरथा म्हणाली, अन् गाडीत चढताना पहिल्यांदाच थोडी हसली.

गाडीत एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. भागिरथेनं नको म्हटलं. अकोल्याला उतरून चालताना नळावर पाणी धो धो वाहत होतं, तिथंही ती थांबली नाही. घसा कोरडा पडला होता. जगदेवसारखा मैलोन्मैल चाललेला माणूस हे कसं करत असेल, असं तिच्या मनात आलं.

जेलच्या दारात पंधरा-वीस माणसं ओळीनं बसली होती. हेमसिंग नावाचा शिपाई एकेकाचं सामान तपासत होता. मानोऱ्याकडचा बंजारा गडी, मिशा पिकलेल्या. त्यानं भागिरथेच्या भाकरी मधोमध मोडून पाहिल्या, ठेचा काडीनं उकरला.

"भाकरीत काय लपवीन मी, दादा?"

"लपवनारे लपवतेत, बाई. कायदा हाय." अन् त्यानं तुकडे पुन्हा फडक्यात बांधून दिले, तिच्यापेक्षा नीट.

भेटीची खोली तिला ठाऊक होती. दोन जाळ्या, मधे हातभर मोकळी जागा. अलीकडं पाच-सहा घरची माणसं, पलीकडं पाच-सहा कैदी, अन् सगळे एकदम ओरडणार. बैल विकला का, वकील भेटला का, पोरगं चालते का! आपलं ऐकू जावं म्हणून जो तो शेजाऱ्यापेक्षा वर आवाज चढवणार. मागच्या खेपेला देवमन काय बोलला त्यातलं अर्धं तिला कळलंच नव्हतं. अन् मौत ओरडून सांगायची नसते. कोणत्याही रीतीत बसत नाही ते.

पहिला पुकारा झाला. भागिरथेचा नंबर पाचवा होता. ती उठली नाही. मागच्या बाईला म्हणाली, "तू जा, माय."

ती बाई भुरीबाई, घागऱ्याला काचा लावलेली तांड्यावरची म्हातारी. ती चकितच झाली. "काहून व? पाय दुखते?"

"नाही. मले सगळ्याच्या मागून जाचं हाय."

"पागल हाय का? अकरा वाजता बंद करतेत. राह्यशीन बाहीरच, मंग पुढच्या महिन्यात ये."

"तू जा."

दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. प्रत्येक वेळी भागिरथा मागच्याला पुढं सोडायची. आतला कालवा भिंतीबाहेर ऐकू येत होता. भिंतीवरचं घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, पण ऊन पायरीवरून खाली सरकलेलं दिसत होतं. खरंच बंद केलं तर? आपल्या शहाणपणापायी मुलाकातच गेली तर? म्हाताऱ्यांचं ऐकलं असतं तर निदान एवढं तरी झालं नसतं. पुढं सोडायला तिच्या मागं आता कोणी उरलं नव्हतं.

हेमसिंग दारात आला. "तू राह्यली का अजून? सगळे आटोपले ना. काय करून राह्यली अठी बसून?"

"दादा, त्याइची माय मेली. मले वरडून नाही सांगाचं."

हेमसिंग आत वळून ओरडला, "देवमन जगदेव! शेवटची मुलाकात!"

खोली रिकामी होती. मघाच्या माणसांचा वास अन् बिडीचा धूर तेवढा उरला होता. पलीकडच्या दारातून देवमन आला. वाळला होता. जेलातल्या मागावर दऱ्या, म्हणजे सतरंज्या, विणून विणून बोटांना घट्टे पडले होते. भागिरथेला पाहून त्यानं श्वास सोडला, तो जाळीअलीकडं ऐकू आला. मग त्याची नजर तिच्या मागं गेली, दाराकडं, तिच्या कमरेच्या उंचीवर. कोणाला तरी शोधत होती.

त्याच्या उजव्या मुठीत एक कार्ड होतं. घामानं मळलेलं, दुमडलेलं, कोपरा फाटलेलं.

भागिरथेला सगळं समजलं. कार्ड त्याला मिळालं होतं, अन् त्यानं वाचून घेतलं नव्हतं.

"मंगळवारी भेटलं," तो म्हणाला. इतक्या शांत खोलीत त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला असावा. "बाबूलाल हाय आमच्यातला, तो वाचून देतो सगळ्याइले. म्हने, आन इकडे. म्या नाही देलं. कोपरा पाह्यला. तिघीतली एक गेली, येवढं समजलं. म्हनलं, जे जित्ती असंन ते येईन गुरुवारी. तिच्या तोंडूनच आयकीन."

दोन दिवस, दोन रात्री त्यानं ते कार्ड मुठीत धरलं होतं. भागिरथेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ते तिनं तिथंच थोपवलं. आधी काम.

"हातातलं खाली ठेवा," ती म्हणाली.

देवमननं तिच्याकडं पाहिलं. जगदेवचाच मुलगा तो. वाकून त्यानं कार्ड फरशीवर ठेवलं, पायाशी. सरळ झाला. दोन्ही हात मोकळे सोडले.

"आपली माय गेली. शनिवारी, रामरावच्या वावरात."

"गंगू?"

"गंगू शाळेत गेली आज."

देवमनचा चेहरा एकदम सैल पडला अन् तो रडू लागला. आधी पोरगी जित्ती आहे म्हणून रडला, अन् मग मायच्या मौतीवर आपल्याला हायसं वाटलं म्हणून शरमेनं रडला, अन् मग नुसता मायसाठी रडला, हंबरून. भागिरथाही रडली. दोघांच्या मधे दोन जाळ्या होत्या, पण आवाजाला जाळी काय करते? हेमसिंग पाठ फिरवून उभा राहिला. वेळ झाली असं तो म्हणाला नाही.

बऱ्याच वेळानं देवमननं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "हातात काय होतं तिच्या?"

"कापूस. तिनंच सोडून ठेवला फडक्यावर, मंग मले हाक मारली. मी मुठी भरून धावली तं मलेच म्हने, हातातलं खाली ठेव."

"बाबाचं बोलनं होतं ते."

"मले म्हने, रडू नको, पात अर्धी राह्यली तुही."

देवमन रडता रडता हसला. "तशीच होती बुढी."

"पात उरकली म्या तिची. काल जलदान बी झालं. दौलतभाऊजी बसले तुमच्या जागी. गावात म्हनत होते, सांगू नको, तुमी काही करून बसशान म्हून."

"काय करतो मी?" तो म्हणाला. "चार महिने दऱ्या विनतो. माफी भेटली तं आधीच येतो. मिरगाले तिफन मीच धरतो, समजलं? रामरावले सांग, दुसऱ्याले नको लावू म्हनाव." एवढं बोलून तो थांबला. तिच्या ओठांकडं पाहत होता. ओठ सुकून भेगाळले होते. "तू पानी पेली का सकाळपासून?"

भागिरथेनं मान हलवली.

"जऊळक्याहून अशीच आली?"

"तुमाले सांगितल्याबिगर कशी पेऊ?"

देवमननं मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं. त्याच्या बाजूला पाणी नव्हतं, अन् असतं तरी जाळीतून लोटा जात नाही. मग त्यानं हेमसिंगला हाक मारली. हाक अशी मारली, की जणू स्वतःच्या ओसरीत उभा आहे अन् दारी कोणी पाहुणा आला आहे.

"साहेब, ते माह्या घरचा सांगावा घेऊन आली. म्या पाजावं तिले पानी. माह्या हातानं होत नाही. माह्याकडून तुमी द्या."

हेमसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "कायद्यात हे बी नाही," तो पुटपुटला. पण कोपऱ्यातल्या आपल्या माठाकडं गेला, पितळी लोटा भरला अन् भागिरथेपुढं धरला. तिनं सवयीनं खाली वाकून ओंजळ पुढं केली.

"ओंजळ कायले?" जाळीपलीकडून देवमन म्हणाला. "लोटा घे हातात."

हेमसिंगनं लोटा तिच्या हातात दिला. भागिरथेनं तो तोंडाला लावला अन् नवऱ्याकडं बघत बघत, अर्ध्यात न थांबता, सगळं पाणी प्यायली. मग रिकामा लोटा खाली ठेवला.